हौसामावशी आणि चिमण्यांची शाल

हौसामावशीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माणसं तिला मारायच्या बेतात होती.

पिंपळे सौदागरला एका चौकात माझं दुकान आहे. लोकर, लेस, बटणं, अस्तर, फॉल, चेन, असली सगळी किडूकमिडूक. थंडीचे दिवस होते, दुपार कलली होती. बाहेर आरडाओरडा ऐकू आला म्हणून मी काउंटर सोडून पायरीवर आले. समोर भाजीच्या गाडीपाशी घोळका जमला होता. मधोमध एक नऊवारीतली बाई, हाडकुळी, डोक्यावर पदर, आणि तिच्या मुठीत एका लहान मुलीच्या स्वेटरचं मागचं टोक. मुलगी रडत होती. तिची आई ओरडत होती, "बसपासून मागं लागलीय ही. पोरं पळवणारी आहे."

त्या दिवसांत पोरं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होते. कुणी पाहिली नव्हती, पण टोळी आली म्हटल्यावर आली. एकानं त्या बाईचा दंड धरला होता. दुसरा व्हिडिओ काढत होता. तिसरा नुसताच बाह्या सरसावत होता. असले तिसरे प्रत्येक गर्दीत असतात आणि मला त्यांचीच भीती वाटते.

बाईची नजर मात्र कुणाकडे नव्हती, त्या स्वेटरवर होती, आणि ओठ हलत होते. माझा जन्म असल्या ओठांपुढे गेलाय, मला लगेच कळलं. दोन सुलट, येक उलट, जाळी, दोन सुलट. मी ओरडले, "अहो सोडा तिला, ती टाके मोजतेय." कुणी ऐकेना. तेव्हा मी सरळ घुसले, दंड धरणाऱ्याचा हात झटकला आणि तिला ओढत दुकानात आणलं. स्टुलावर बसवलं. हातात सुया दिल्या, लोकर दिली. म्हटलं, "विण." दाराशी सगळी गर्दी उभी. बाईच्या हातातल्या सुया एकमेकींवर कटकट वाजत होत्या, इतकी ती कापत होती. पण टाके चढले, ओळी झाल्या, आणि हळूहळू त्या मुलीच्या पाठीवरची पानांची नक्षी बाईच्या मांडीवर उतरायला लागली. मुलीच्या आईनं लेकीला वळवून पाठ बघितली, मग मांडीवरचं बघितलं, आणि खाली मान घालून निघून गेली. गर्दीचा मात्र हिरमोड झाला.

बाई पाणी प्यायली, तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "पोरगी जरा नीट हुबी ऱ्हायली आसती तर येवढं झालंच नसतं बघ."

मी कपाळाला हात लावला. तर ही हौसामावशी.

मूळची निघोज्याची. चाकणच्या कंपन्या आल्या तेव्हा त्यांची जमीन गेली, तिचे मालक, म्हणजे नवरा, नंतर वारले, आणि एकुलता एक संतोष चाकणमध्येच एका कंपनीत लागला. पर्मनंट नव्हे, ट्रेनी. आपल्या या पट्ट्यात जिचा पोरगा ट्रेनी आहे त्या आईला विचारा, म्हणजे जीव टांगणीला लागणं काय असतं ते समजेल. सून प्राजक्ता हिंजवडीला कामाला. दोघांना सोयीचं पडावं म्हणून त्यांनी इथं भाड्यानं फ्लॅट घेतला आणि गावाकडून मावशीला आणलं. सकाळी संतोष कंपनीच्या बसनं जायचा, सून स्कूटरवर, आणि मावशी चौथ्या मजल्यावर एकटी. त्या दिवसापासून ती अधूनमधून माझ्या दुकानात येऊन बसायला लागली.

तिला कशाकशाची भीती वाटायची ते सांगायला बसले तर दुकान बंद करावं लागेल. लिफ्टची वाटायची, म्हणून जिन्यानं चढउतार. इंटरकॉम वाजला की स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची. सोसायटीचा वॉचमन दिसला की उठून उभी राहायची, आणि तो बिचारा बीडकडचा पोरगा ओशाळून म्हणायचा, "बसा की हो आजी." गणवेश दिसला की तिचे पाय आपोआप सरळ होत. मी एकदा वैतागून विचारलं, "मावशी, इतकं काय भ्यायचं गं माणसांना?" तर म्हणाली, "मानसाला न्हाई भीत. पिशवी घिऊन येनाऱ्याला भीती. आमच्यात कागद आला की कायतरी जातंच."

त्यांचं गेलंच होतं.

एका गोष्टीला मात्र ती भीत नव्हती, ती म्हणजे नमुना. सुई हातात आली की ही बाई वेगळीच. कुठल्याही विणकामाची उलटी बाजू तिला एकदा दिसली की संपलं. पुस्तक नको, आकृती नको. पुढून तिला काही कळत नसे, तिला पाठच लागायची. "तोंड सगळ्यांचंच गोड आसतं," म्हणायची, "पाठ बगावी." लग्नाकार्यात ही बायकांच्या मागेमागे असायची. दुकानात माझ्याकडे कुणी विणलेली वस्तू घेऊन आलं, मॅचिंग लोकर पाहिजे म्हणून, तर ही हळूच पुढं होऊन कोपरा उलटायची. गिऱ्हाईक दचकायचं. मी म्हणायचे, "घाबरू नका, चावत नाही ती."

आता नमुना उचलणं म्हणजे चोरी, हे तिच्या गावीही नव्हतं. तिच्या लहानपणी गावात एक बालवाडीची बाई आली होती, तिनं पोरींना विणकाम शिकवलं, आणि बरोबर एक रीतही लावून गेली. दुसरीचा नमुना उचलायला हरकत नाही. पण उचलला तर त्यात बोट घालायचं नाही, टाका न् टाका तसाच ठेवायचा, कारण बदलला म्हणजे तिचं नाव पुसलं. आणि विणून झालेली पहिली वस्तू नमुन्याच्या मालकिणीला नेऊन दाखवायची. तिला पटलं की ती तुमच्या हातावर साखर ठेवणार. साखर खाल्ली की नमुना तुमचाही. मग कुणी विचारलं की नाव मात्र घ्यायचं, हा मास्तरणीचा, हा गोदाचा, हा सरूचा.

या सरूची गोष्ट मला तिनं कितीदा सांगितली असेल. सरू म्हणजे तिची शेजारीण. बांधावरून दोन घरांचं भांडण पेटलेलं, बोलणंचालणं बंद. त्याच हिवाळ्यात मावशीनं सरूच्या पोराच्या अंगावरचा बाणांचा नमुना उचलला आणि छोट्या संतोषसाठी स्वेटर विणला. तो घेऊन सरूच्या दारात गेली. सरूनं बघितला, उलटून बघितला, आणि साखर काही दिली नाही. मावशी परत आली. स्वेटर घडी करून पेटीत ठेवला. संतोष सर्दीनं फुरफुरतोय, मालक ओरडताहेत, आणि ही घालू देईना. संक्रांतीला सरू स्वतः साखरेची वाटी घेऊन आली तेव्हा तो स्वेटर पोराच्या अंगात गेला.

"आणि तिनं दिलीच नसती तर?" मी विचारलं.

"तर उसवला आसता."

"पोरगं थंडीनं कुडकुडलं असतं तरी?"

"दुसऱ्या नमुन्याचा घातला आसता की. नमुन्याला काय तोटा हाय?"

असं हे तिचं शास्त्र. मी तिला हसायचे. मी तोंडाची फटकळ आहे, पण खरं सांगते, त्या शास्त्रात मला कधी खोट सापडली नाही.

भीती त्या शास्त्रात शिरली ती संतोषच्या मोबाईलमधून. चाकणच्या कंपन्यांत गेटवर फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, आतल्या कामाचा फोटो निघू नये म्हणून. संतोष घरी यायचा तो स्टिकर लावलेलाच फोन घेऊन, आणि मावशी नखानं तो स्टिकर काढून द्यायची. रोजचा लाडाचा कार्यक्रम. एक दिवस जेवताना त्यानं सहज सांगितलं, लाइनवरच्या एका पोराला काढलं. स्टिकर सोलून ड्रॉइंगचा फोटो काढला त्यानं. आयकार्ड काढून घेतलं आणि त्याच पायी गेटबाहेर.

"नुसता फोटू काडला?" मावशीनं विचारलं.

"नुसता फोटोच. अगं आई, डिझाईन दुसऱ्याचं असतं. आपण बनवून द्यायचं, घेऊन जायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत मावशी पायरीवर. तोंड उतरलेलं. "सुनंदा, मला खरं सांग. दुसऱ्याचा नमुना बगून विननं म्हंजी चोरी व्हती का गं?"

मी शटर वर ढकलत म्हटलं, "तसं असतं तर माझी निम्मी गिऱ्हाइकं येरवड्यात असती." ती हसली नाही. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली, पण त्या दिवशी तिनं सुयांना हात लावला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी चिमण्यांची शाल आली.

त्यांच्या वरच्या मजल्यावर एक बारसं होतं. बाळाला कुणीतरी लांबच्या गावाहून मागवलेली विणलेली शाल दिली होती. पांढरी शाल, कडेनं चिमण्यांची रांग, एकीमागे एक, दाणे टिपत चाललेल्या. मी पाहिलीय ती. मी लोकरीत जन्म काढलाय, मला लोकर बघून भरून-बिरून येत नाही, पण त्या चिमण्यांना हात लावायचा मोह मलाही झाला. कोपऱ्यात कापडी पट्टीवर विणणारणीचं नाव होतं. चोरीची शंका मनात होतीच, तरी मावशीनं बारशात पाळणा म्हणायच्या ऐवजी ती शाल उलटून बघितली. बायकांनी घुगऱ्या खाल्ल्या, हिनं चिमण्या खाल्ल्या.

शाल विणून झाली. हुबेहूब. प्राजक्तानं फोटो काढला आणि मोबाईलवरच्या तिच्या पेजवर टाकला. हे पेज तिनं हौसेनं सुरू केलं होतं, 'आजीच्या हातचं' नावाचं. सासूबाईंची टोपडी, मोजे, कुंच्या विकायची. वाईट मनाची नव्हे हो पोरगी. मावशी दिवसभर भिंतीकडे बघत बसते त्यापेक्षा तिचा हात चालू राहील, एवढाच विचार. चिमण्यांच्या शालीला भराभर मागणी आली. आसपासच्या सोसायट्यांत बाळंतपणं काय कमी आहेत?

इथवर ठीक होतं. कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. पण सुनेच्या घाईत विणत गेलेल्या मावशीला मागाहून रीत टोचायला लागली. ती सुनेच्या मागेच लागली, "पयली शाल त्या बाईला दाव. तिच्या नावाची पट्टी हाय ना, शोध तिला. फोटू पाठव." प्राजक्ता म्हणाली, "कशाला हो आई?" तर म्हणे, "साखर नको का घ्यायला?" रोज सकाळी डबा भरताना तेच, संध्याकाळी चपला काढताना तेच. शेवटी सून कंटाळली. तिनं पट्टीवरच्या नावावरून त्या बाईचं पेज शोधलं आणि फोटो पाठवून दिला. खाली लिहिलं, आमच्या आईंनी तुमची शाल विणली, बघा कशी झालीय.

चोरानं मालकाच्या दारात जाऊन माल दाखवावा, त्यातली गत. तिच्या हिशेबानं मात्र ती चोर नव्हतीच, ती पाहुणी होती. दोन दिवस मावशी खुशीत होती. मला म्हणाली, "आता लांबची बाई, साखर कशी धाडंल गं? का नुसतं बोलंल?"

उत्तर आलं. ही माझी स्वतःची डिझाईन आहे. तुम्ही ती विकताय. याला परवानगी नाही. ताबडतोब काढा, नाहीतर मला तक्रार करावी लागेल.

प्राजक्तानं फोटो काढून टाकला आणि विषय संपला असं धरलं. पण मजकूर तिनं मोठ्यानं वाचला होता. तक्रार हा शब्द मावशीनं ऐकला आणि तिच्या डोक्यात एक रस्ता तयार झाला. ती बाई तक्रार करणार. तक्रार पोलिसात जाणार. पोलीस विचारणार, घरात कोण कमावतं? आणि मग सगळं चाकणच्या गेटवर. आई डिझाईन चोरते आणि पोरगा डिझाईनच्या कंपनीत. आयकार्ड काढून घेणार, त्याच पायी गेटबाहेर. संतोषचं पर्मनंट व्हायचं तोंडावर आलं होतं, म्हणून तर जास्तच.

मी तिला समजावून थकले. "मावशी, कंपनीचं ड्रॉइंग वेगळं, बाळाची शाल वेगळी. कंपनीला काय पडलंय तुझ्या चिमण्यांचं?"

"संतोष म्हनला ना, डिझाईन दुसऱ्याचं आसतं."

"ते गाडीच्या पार्टचं."

"पार्ट काय, चिमनी काय. दुसऱ्याचं ते दुसऱ्याचंच."

तिचं जेवण तुटलं. घराची बेल वाजली की हातातली वाटी खाली. एका संध्याकाळी विकायला राहिलेल्या शाली तांदळाच्या पिशवीत भरून ती माझ्याकडे घेऊन आली, आणि फॉलच्या खोक्यांमागे स्वतःच्या हातानं दडवून ठेवल्या. म्हणाली, "तुझ्याकडं कुनी शोधायचं न्हाई." जसं काही मी काउंटरवर नव्हे, भुयारात बसते. संतोषला यातलं काहीही सांगायचं नाही, अशी सुनेला शपथ घातली. पोरगा घरात आला की हसायची, स्टिकर काढून द्यायची. तिच्या नखाला तो स्टिकर कसा धड सुटायचा नाही ते प्राजक्तानं मला सांगितलं, आणि सांगताना तिलाच रडू आलं.

शेवटी मी त्या शालवाल्या बाईच्या पेजवरचा नंबर घेऊन तिला फोन लावला. कडक बोलायचं ठरवूनच लावला. तर पलीकडून थकलेला, तरुण आवाज. मागे मूल रडत होतं. ती म्हणाली, "मला आजींचा राग नाही हो. पण त्या चिमण्या बसेपर्यंत मी किती वेळा उसवलंय ते माझं मला माहीत. आमचं घर त्यावर चालतं. आता जो उठतो तो फोटो बघून विणतो आणि माझ्यापेक्षा स्वस्तात विकतो. मी कुणाकुणाच्या पाठी लागू?"

बाई बरोबर बोलत होती.

मग तिनंच विचारलं, "पण त्यांनी फोटो मला कशाला पाठवला? लपवतात माणसं." मी तिला निघोज्याची रीत सांगितली, सरूची गोष्ट सांगितली. तिनं मूल उचलून घेतलं असावं, मागचं रडणं थांबलं. मग म्हणाली, "साखर मी देणार नाही. तक्रारही करणार नाही. त्यांना सांगा, पुन्हा विणू नका."

मी तशीच उठून मावशीच्या घरी गेले. सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "साखर?" मी नाही म्हणून मान हलवली. तिनंही मान हलवली, पटल्यासारखी. मला वाटलं, सुटले. पण चहाचं आधण ठेवता ठेवता तिच्या मनानं पुन्हा उचल खाल्ली. "तक्रार करनार न्हाई म्हनली. पन आदीच केली आसंल तर?"

आणि बेल वाजली.

दारात एक चाळिशीचा माणूस, हातात हेल्मेट, खांद्याला काळी पिशवी, घामेजलेला. "संतोष इथंच राहतात का? कंपनीकडून आलोय. थोडी चौकशी होती."

मला माहीत होतं हे काय असतं. पोराला पर्मनंट करायच्या आधी कंपन्या कुणाला तरी पाठवून पत्ता खरा आहे का बघतात. माझ्या पुतण्याच्या वेळी असाच माणूस आला होता. मी तोंड उघडेपर्यंत मावशीनं हात जोडले होते.

"साहेब, पोराला काय बी म्हाईत न्हाई. सगळं म्या केलंय."

"काय केलंय आजी?"

"चिमन्या."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "अहो, काही नाही, त्यांना जरा..." पण मावशी आता थांबणारी नव्हती. भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून ती सगळं ओकत होती. बारसं, पाठ बघितली, टाके मोजले, इतक्या शाली विणल्या, सुनेनं विकल्या पण सुनेची चूक नाही, आणि राहिलेल्या शाली या बाईच्या दुकानात आहेत फॉलच्या मागे. हे म्हणताना तिनं माझ्याकडे बोट केलं. एरवी मी हसून लोळले असते. तेव्हा मात्र मला सुचलं की हा गृहस्थ हे सगळं खरोखरच कंपनीत जाऊन बोलला तर? आई म्हणते मी डिझाईन चोरली. अर्धवट ऐकणाऱ्या एखाद्या साहेबाच्या कानात एवढं पुरलं असतं. इतके दिवस जी भीती मी खुळचट म्हणत होते ती या बाईनं स्वतःच्या तोंडानं खरी करून ठेवली होती.

त्यानं दाराचा आणि नावाच्या पाटीचा फोटो काढला. कामच होतं ते त्याचं. फोटो काढताना मावशीच्या तोंडून एक बारीक आवाज आला, तो मी विसरू शकत नाही. मी त्याला जिन्यात नेऊन थोडक्यात सगळं सांगितलं, हात जोडले. तो हसला. मग उघड्या दारातून त्याला मावशी दिसली, तशीच भिंतीला चिकटलेली, आणि त्याचं हसू गेलं. भला माणूस. पुन्हा वर आला आणि तिला म्हणाला, "आजी, झालं ते झालं. आता पुन्हा करू नका. मुलाला काही होणार नाही." आणि हेल्मेट घालून पुढच्या पत्त्यावर गेला.

त्यानं धीर द्यायला म्हणून म्हटलं. तिनं ते हुकूम म्हणून ऐकलं.

पुढचे आठवडे आम्ही तिघी बायकांनी कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. संतोष बिचारा विचारायचा, आई खात का नाही. मी रोज संध्याकाळी कंपनीची बस थांबते तिथं बघायचे, तो उतरताना चेहरा कसा आहे. एक दिवस तो हसत उतरला, पेढ्यांचा पुडा हातात. पर्मनंट. मावशीनं देवापुढे पेढा ठेवला, लेकाच्या तोंडावरून हात फिरवला, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन फॉलमागची पिशवी मागितली. तिथंच स्टुलावर बसून एक एक शाल उसवली. भराभरा, चिमण्या जशा बसल्या होत्या तशा एकीमागे एक गेल्या. मला बघवेना. मी उगाचच बटणांचे डबे पुसत बसले.

"अगं, आता झालं ना सगळं नीट," मी म्हटलं.

"सायबानं शबुद पाळला. आता म्या पाळायचा."

"तो साहेब नव्हता गं. पत्ते बघत हिंडणारा माणूस तो. त्याला चिमण्या आठवतही नसतील."

"त्याला नसतील. मला हायती की."

त्यानंतर तिनं कोपरे उलटणं बंद केलं. दुकानात कुणी विणलेली वस्तू आणली की ती स्टुलावरून उठून पायरीवर जाऊन उभी राहायची, रस्त्याकडे तोंड करून. चिमण्यांचंच नव्हे, सरूचे बाण, गोदाची वेल, साखर खाल्लेले नमुनेही तिनं सोडले. कुणाचं काय निघेल सांगता येत नाही म्हणाली. मग एकदा समजलं की ती निघोज्याला परत गेली. फ्लॅटमध्ये बेल वाजते, ती सोसवत नव्हती.

गेल्या हिवाळ्यात मी तिला बघून आले. गावात घर तसंच आहे, पण मागच्या भिंतीला लागून कंपनीचं उंच कंपाउंड आलंय आणि पुढच्या रस्त्यानं सारखे कंटेनर. मावशी ओट्यावर उन्हात बसली होती. वाळलेली, पण हातात सुया बघून मला बरं वाटलं. उसवलेली लोकर धुऊन, लड्या करून, टांगून, खाली वजनाला तांब्या बांधून तिनं सरळ केली होती. तीच विणत होती. प्राजक्ताला दिवस गेलेत, नातवंडासाठी दुपटं.

मी जवळ जाऊन बघितलं. नुसतं सुलट. एक जाळी नाही, एक पान नाही, एक उलटा टाका नाही. ज्या बाईच्या बोटांत आख्ख्या पंचक्रोशीतले नमुने आहेत तिनं पहिल्या नातवंडाला पांढरं सपाट कापड विणावं? मला रागच आला. "काय गं हे? हे काय विकायचंय? घरच्या बाळाला कोण विचारणार आहे तुला?"

"त्याच्या बापाची नोकरी हाय न्हवं."

"मग स्वतःचा नमुना घाल. तुझा."

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी काही भलतंच बोलले. "माजा कुटला गं? जे येतं ते समदं कुनी ना कुनी दावल्यालं."

मी तिच्याशेजारी ओट्यावर बसले. तिनं एक ओळ पुरी केली, सुई बदलली आणि थांबली.

"सुनंदा, हे नुसतं सुलट हाय. ह्याला तर कुनी काय म्हननार न्हाई ना?"

"नाही गं बाई."

"पन सुलट टाका बी पयल्यांदा कुनीतरी काडलाच आसंल की."

तेवढ्यात रस्त्यावर एक मोटारसायकल हळू झाली. हेल्मेटवाला माणूस, पुढे टाकीवर पिशवी, घरांच्या पाट्या वाचत चाललेला. मावशीनं दुपटं, सुया, लोकर, सगळं पदराखाली ओढून घेतलं. तो पुढच्या वळणाला लागून दिसेनासा झाला तरी तिचे हात बाहेर आले नाहीत.